आमचे आबा: मिरजेचे बँडमास्तर आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं नोटेशन

कृष्णाकाठ:

बँडवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वरात, लाल डगला आणि घोड्यापुढचा नाच येतो. त्या डगल्यातल्या माणसाला सूर-ताल नीट शिकावा लागतो आणि कुणीतरी मास्तर त्याला तो शिकवत असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. माझ्या वडिलांचे वडील असे मास्तर होते. त्यांच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. शिवाय तुमच्याकडून एक सल्लाही हवा आहे.

आबा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये होते. शाळा मराठी चौथीपर्यंत. पाच रेघांवरचं नोटेशन, कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं, थोडं आखूड पितळी वाद्य) आणि रोज सकाळी एकेक सूर लांबवायची सवय, हे सगळं पलटणीनं दिलं. लाइट इन्फंट्रीची चाल झपझप असते. म्हातारपणीही आबांबरोबर बाजारात निघालं की आम्हा पोरांना पळावं लागायचं. पेन्शनीवर आले आणि मिरजेत बँडपार्टी काढली.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. शिकलगारीतून (हत्यारांना धार लावायच्या धंद्यातून) वाद्यांकडे वळलेल्या फरीदसाहेब सतारमेकरांपासून इथे सतारी-तंबोरे घडतात (२०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं). अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. अशा गावात पितळी वाद्यांना दुय्यम मान मिळणार हे उघड होतं. आबांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. उरुसात रात्रभर मागे सतरंजीवर बसून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एखादी जागा कॉर्नेटवर शोधत राहायचे. सुपाऱ्यांसाठीही गाव सोयीचं होतं. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. पुण्याकडून, बेळगावकडून आणि पंढरपूरच्या छोट्या गाडीनं लोक तारखा घ्यायला यायचे.

पण त्यांचा खरा जीव शिकवण्यात. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्याचे ते उपासमारीचे महिने. आबांनी त्याच दिवसांत शाळा भरवली. आषाढी झाली की परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोरं जमायची, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मधे गणपतीचे दिवस तेवढे कामाचे. हमालाचा मुलगा, टांगेवाल्याचा, हलगी वाजवणाऱ्या घरातले दोघं भाऊ, तांबट गल्लीतला एक. फी नव्हती. अट एकच, शाळा सोडायची नाही. प्रगतिपुस्तक आणून दाखवावं लागे.

पहिले काही आठवडे वाद्याला हात नाही. भिंतीला कागदाचा चिटोरा टेकवायचा, हात सोडायचा आणि नुसत्या फुंकरीनं तो भिंतीला धरून ठेवायचा. कागद पडला की पुन्हा. छातीतनं सोडलेली फुंकर लगेच संपते, पोटातनं सोडलेली टिकते, हे पोरांना न सांगता कळायचं. मग नुसता माऊथपीस. ओठ मिटून थरथरवायचे, त्यातून सूर काढायचा. गाल फुगवणाऱ्याच्या गालावर आबा हळूच बोट ठेवायचे. "फुकू नगंस, बोल त्यातनं," हे त्यांचं पालुपद. आणि वाद्य हातात येण्याआधी प्रत्येक ओळ गाऊन दाखवावी लागायची. ज्याला गाता येत नाही त्याला वाजवता येणार नाही, यावर ते ठाम होते.

आता मुद्द्याचं. यंदा माडीची डागडुजी काढली तेव्हा त्यांची पलटणीतली लोखंडी ट्रंक खाली आली. आत शेकडो लग्नपत्रिका, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. एका बाजूला श्री गणेशाय नमः, चि. आणि चि. सौ. कां. दुसऱ्या बाजूला शाईनं ओढलेल्या पाच-पाच रेघा आणि त्यांवर कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) यांचे भाग. सुपारी घेताना यजमान पत्रिका द्यायचे, आबा ती जपून ठेवायचे. जाड कागद, हातात मावणारा, वाद्यावरच्या चिमट्यात बसणारा. रेघा ओढायला त्यांनी लाकडी पट्टीत पाच टाक ओळीनं बसवले होते. ती पट्टीही ट्रंकेत सापडली, टाकांच्या टोकांवर निळी शाई वाळलेली.

काही गठ्ठ्यांना वाळवी लागली आहे. घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात लॅमिनेट करून टाकू. मला धीर होत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि तुमच्या ओळखीत असे मास्तर असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा.

पेठकरी:

फार सुंदर लिहिलंत. पुण्यात आमच्या लहानपणी विसर्जन मिरवणुकीत आम्ही मंडळांपेक्षा बँडची वाट बघायचो. प्रभात आला, दरबार आला, असं चौकाचौकात कुजबुजत पोचायचं. लक्ष्मी रोडवर रात्री उशिरा बँड थांबून एखादं नाट्यपद वाजवायचा तेव्हा गर्दी आपोआप गप्प व्हायची. क्लॅरिनेटवाल्यानं तान घेतली की जाणती माणसं माना डोलवायची, अगदी मैफलीत बसल्यासारखी.

माझे मामा युफोनियम वाजवायचे. मुख्य गाणं कॉर्नेट-क्लॅरिनेटकडे असतं, पण अंतऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागा युफोनियम भरतो. मामा म्हणायचे, लोकांना आमचं नाव कळत नाही, पण आम्ही थांबलो तर त्यांना चुकल्यासारखं होतं. त्यांना शिकवणारेही असेच एक निवृत्त फौजी होते. लष्कर सोडून आलेल्या वादकांनी गावोगाव केवढी माणसं तयार केली असतील, यावर कुणीतरी बसून काम करायला हवं.

तारसप्तक:

मी ट्रम्पेट वाजवतो, म्हणून उत्सुकता: पत्रिकांवर सुरांच्या डोक्यावर १, २, ३ असे आकडे आहेत का? असतील तर ती बोटं आहेत.

इतरांसाठी थोडं सांगतो. ट्रम्पेट-कॉर्नेटला पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) तीनच. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड. बाकी सगळं ओठांवर. एकही पिस्टन न दाबता नुसत्या ओठांनी सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प निघतात. सप्तक वाजवायचं तर सा मोकळा, रे ला पहिला-तिसरा, ग ला पहिला-दुसरा, म ला पहिला, प मोकळा, ध ला पुन्हा पहिला-दुसरा, नी ला दुसरा, वरचा सा मोकळा. ग आणि ध ला बोटं तीच, फरक फक्त ओठांच्या ताणाचा. नवशिक्याचं रडणं इथेच असतं. त्यात खालचा रे जन्मजात चढा, पहिला-तिसरा एकत्र दाबले की सूर चढतोच. तो जागेवर आणायला तिसऱ्या पिस्टनची नळी किंचित बाहेर सरकवावी लागते. तुमच्या आबांनी हे पोरांकडून घोटून घेतलं असणार.

आणखी एक. आपल्याकडे पेटीवरून पट्टी सांगतात. ट्रम्पेटवर सगळे पिस्टन मोकळे सोडून जो 'सा' म्हणून लिहितात, तो पेटीवर काळी पाच असतो. आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोन. चार वेगळ्या वाद्यांना एका पट्टीत आणायचं तर प्रत्येकाचा भाग वेगळा लिहावा लागतो. हे काम मास्तरचं, आणि ते डोकं खाणारं असतं.

शिकवणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून: संगीतकार प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेटवादक. मुलांना त्यांनी हाताशी धरून नोटेशन शिकवलंच, शिवाय मुंबईतल्या कितीतरी वादकांना वाचायला शिकवलं. प्यारेलालांना २०२४ मध्ये पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा मला आधी त्या वडिलांची आठवण झाली.

ठेका:

वेगळं मत मांडतो, राग नसावा. बँडची खरी ताकद ऐकीव वादनात आहे. रेडिओवर गाणं लागलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा वाजवलं. आमच्या सोलापूर भागातले मोठमोठे कॉर्नेटवाले एक रेघ वाचू शकत नव्हते आणि हरकत (गाण्यातली छोटी, चपळ सुरावट) अशी घ्यायचे की ऐकणाऱ्याचा हात खिशाकडे जायचा. कागदावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी लिहिणार? सनईवाल्यांच्या घरातली पोरं बँडमध्ये आली ती कान घेऊन आली. कागदानं त्यांचा कान बोथट होतो असं माझं निरीक्षण आहे.

कृष्णाकाठ:

तारसप्तक, आकडे आहेत! सुरुवातीच्या पोरांच्या पत्रिकांवर प्रत्येक सुरावर, पुढच्यांवर फक्त अवघड जागी. तुम्ही सांगितलंत म्हणून खालचा रे मुद्दाम शोधला. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी 'नळी' असं बारीक लिहिलं आहे. आजवर मला त्याचा अर्थ लागत नव्हता.

ठेका, राग कशाला. आबांचं तुमच्याशी निम्मं पटलं असतं. पत्रिकेवर गाण्याचा सांगाडा आहे, हरकती जवळजवळ नाहीत. अंतरा संपतो तिथे कॉर्नेटच्या भागात नुसती रिकामी मात्रा आणि 'तुजं तू' एवढंच. ती जागा ज्याची त्यानं भरायची. पण युफोनियम, आल्टो आणि सुझाफोन (अंगाभोवती घ्यायचा खर्जाचा मोठा भोंगा) यांचे भाग ते कडक लिहायचे, कारण चार माणसं एकाच वेळी मनाचं वाजवायला लागली की सूर कुस्ती खेळतात असं त्यांचं म्हणणं. आणि वाचता येण्यामागे त्यांचा आणखी एक हेतू होता. ज्या पोराला वाचता येतं त्याला पोलीस बँड, रेल्वे, पलटण यांची दारं उघडतात. ऐकीव कितीही चांगला असला तरी परीक्षेत पुढ्यात कागद ठेवतात. त्यांचे काही विद्यार्थी असे सरकारी बँडांत लागले. त्यांतल्या कुणाचा पहिला पगार झाला की पेढे आधी आमच्या घरी.

आणखी एक बघितलं. त्यांनी प्रत्येक पितळी वाद्याचा भाग एकाच पद्धतीनं लिहिला आहे. कॉर्नेट असो, युफोनियम असो की सुझाफोन, मोकळा सूर कागदावर एकाच रेघेवर. आमच्या युफोनियमवर मेरठच्या नादिर अली कंपनीचा शिक्का आहे, त्या वाद्यावर किती पोरांचे हात फिरले सांगता येत नाही. एक आजारी पडला की दुसरा त्याचं वाद्य उचलायचा, बोटं तीच.

धुकट_डोंगर:

हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये राहतो आणि इथल्या गावच्या ब्रास बँडमध्ये माझी मुलगी कॉर्नेट वाजवते. तुमच्या आबांनी जे केलं तीच पद्धत इथल्या बँडांत रूढ आहे! बास ट्रॉम्बोन सोडला तर अगदी मोठ्या ट्युबापर्यंत सगळ्यांचे सूर रेघांच्या सुरुवातीला एकच चिन्ह (ट्रेबल क्लेफ) घालून लिहितात, बोटं सारखीच. म्हणूनच खाण-कामगार आणि गिरणी-कामगार रोजच्या कामातून वेळ काढून शिकू शकले आणि गरजेप्रमाणे एका वाद्यावरून दुसऱ्यावर गेले. क्वीन्सबरीचं ब्लॅक डाइक हे नावाजलेलं पथक एका कापडगिरणीचं, १८५५ चं. ग्राइमथॉर्पचं पथक खाणकामगारांचं, १९१७ चं. खाण बंद पडली, पथक अजून वाजतं. इथल्या पथकांत क्लॅरिनेट नसतं, फक्त पितळ आणि ताल. आपल्याकडे मात्र क्लॅरिनेटशिवाय बँडची कल्पना करवत नाही.

इथल्याही म्हाताऱ्या वादकांनी मुलांना शिकवायचं असतं, हा अलिखित नियम आहे. मुलीला शिकवणारे आजोबा पूर्वी खाणीत होते. पैसे घेत नाहीत, वाद्य बँडचं, घरी न्यायला मिळतं. व्हिट फ्रायडेला (पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी) सॅडलवर्थच्या खेड्यांमधून पथकं बसनं फिरतात, प्रत्येक गावात उतरून मार्च वाजवतात, परीक्षक पडद्याआड बसून गुण देतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आमच्या गावची जत्रा आठवली आणि घरी फोन केला.

पलटणीनं हे नोटेशन इकडून तिकडे नेलं आणि तुमच्या आबांनी ते मिरजेच्या परसात लावलं.

संत्रानगरी:

माझे वडील सुझाफोन वाजवायचे, नागपुरात. तुम्ही मानाचा उल्लेख ओझरता केलात, मी थोडं स्पष्ट लिहिते, कारण ते लिहिलं गेलं पाहिजे.

आमच्याकडे बँडमधली बहुतेक माणसं दलित वस्त्यांमधली, काही मुसलमान. सगळी रात्र वाजवायचं, आणि काही घरी पंगत सगळ्यांची उठल्यावर, मांडवाबाहेर, वेगळं वाढलेलं जेवण मिळायचं. 'वाजंत्री बहु गलबला न करणे' म्हटलं की वाजवायला सज्ज व्हायचं ते याच लोकांनी, मंगलकार्य पूर्ण करायचं यांच्या सुरानं, आणि पंगतीला ते चालायचे नाहीत. एका ठिकाणी वडिलांनी ताट परत पाठवलं होतं आणि उपाशी वाजवत वरात पोचवली. आईनं आम्हाला हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. वडील कधीच बोलले नाहीत.

म्हणून १४ एप्रिल आमच्या घरी वेगळा असायचा. त्या दिवशी सुपारीचे पैसे ते घेत नसत. डगला धुऊन, इस्त्री करून, बटणं चिंचेनं घासून लखलखीत करायची. त्या मिरवणुकीत ते वाजवायचे ते स्वतःच्या माणसांसाठी. चौकात लोक त्यांना हार घालायचे. माझ्यासाठी माझे वडील कलावंत आहेत हे त्या चौकात कळलं.

तुमच्या आबांनी हलगीवाल्याच्या मुलांना आणि टांगेवाल्याच्या मुलाला एका रांगेत बसवून कागद वाचायला शिकवलं, याचं मोल मला फार वाटतं. ती सगळी पोरं एकत्र जेवायची का? सहज विचारते.

कृष्णाकाठ:

संत्रानगरी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगावासा वाटतो.

हो, एकत्र जेवायची. आजी रोज संध्याकाळी शेडमध्ये भाकरी-आमटी न्यायची. सगळे गोल करून बसायचे, आबाही त्यातच. सुरुवातीला गल्लीतून कुरबुर झाली, आमच्या घरचं पाणी काही जणांनी बंद केलं होतं असं वडील सांगतात. आजी आबांच्या बाजूनं ठाम उभी राहिली. तिच्याबद्दल इतक्या वेळात मी एक शब्द लिहिला नव्हता, आणि शाळा तिच्या भाकरीवर चालली. आबा सुपारी ठरवतानाच पहिला प्रश्न विचारायचे, माणसं कुठं जेवणार? उत्तर पटलं नाही तर तारीख घ्यायचे नाहीत. सीझनमध्ये चांगल्या रकमेची कामं त्यापायी गेली.

रानमोगरा:

फोंड्याहून लिहितेय. आमच्या गोव्यात हे काम चर्चच्या शाळांनी शतकानुशतकं केलं. वाड्यावरचा 'मेस्त' पोरांना आधी सोल्फेज म्हणायला लावायचा, दो-रे-मी हातानं ताल देत, आणि ते पक्कं झाल्याशिवाय व्हायोलिन किंवा कॉर्नेट हातात द्यायचा नाही. तुमच्या आबांचा 'आधी गा' हा नियम अगदी तोच. त्या मेस्तांकडे शिकलेली माणसं पुढे मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रांत गेली. आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विसांनीच प्यारेलालांना व्हायोलिन शिकवलं. म्हणजे तारसप्तक यांनी ज्या घराचा उल्लेख केला, तिथे वडिलांचा ट्रम्पेट आणि गोव्याच्या मेस्ताची शिस्त दोन्ही पोचली.

गावोगावच्या मेस्तांनी हातानं लिहिलेल्या वह्या आता घरोघरी कुजताहेत. तुम्ही पत्रिका वाचवल्यात तर इकडच्या काही जणांना तरी त्या वह्या बाहेर काढायची बुद्धी होईल.

जुनाकागद:

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करतो. आधी काकांना थांबवा. लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं शाई आणि कागद दोघांनाही त्रास होतो, प्लास्टिक पुन्हा निघत नाही, कागद आतल्या आत पिवळा पडत राहतो. सेलोटेपही नको, तिचा डिंक डाग पाडतो.

वाळवीचे गठ्ठे घरातल्या बाकी कागदांपासून आजच वेगळे करा. सुतळी कापून काढा, ओढू नका, कडा तुटतात. प्रत्येक पत्रिका मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, मधोमधून कडेकडे. ओलं फडकं लावू नका, टाकाची शाई पाण्यानं पसरते. चिकटलेल्या पत्रिका जबरदस्तीनं सोडवू नका, त्या जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. उन्हात वाळत घालण्याचा मोह टाळा, सावलीत, हवेशीर जागी ठेवा. मग दोन पत्रिकांमध्ये आम्लरहित कागद घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या. लोखंडी ट्रंक पुन्हा वापरू नका, गंज आणि दमटपणा दोन्ही लागतात.

स्कॅन दोन्ही बाजूंचं करा, किमान ३०० डीपीआय, जमलं तर ६००, रंगीत. आणि कृपा करून दोन्ही बाजूंना एकच क्रमांक द्या. लग्नाची तारीख आणि गाव पत्रिकेवर छापलेलं आहे. म्हणजे त्या लग्नाची पत्रिका छापल्यानंतरच मागचं नोटेशन लिहिलं गेलं, एवढं पक्कं. कुठल्या काळात मिरजेचा बँड काय वाजवत होता, कुठकुठल्या गावी जात होता, याचा असा पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. गठ्ठे ज्या क्रमानं बांधलेत तो क्रमही सोडवण्याआधी लिहून ठेवा. ती त्यांची स्वतःची मांडणी आहे.

कृष्णाकाठ:

जुनाकागद, खूप आभार. काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते लगेच तयार झाले, आता तेच खोकी शोधताहेत.

क्रमाचं तुम्ही म्हणालात ते बघितलं. मला वाटलं होतं गाण्यांनुसार गठ्ठे असतील. तसे नाहीत. ते विद्यार्थ्यांनुसार आहेत. प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पत्रिकेवर कोपऱ्यात मुलाचं नाव, खाली तो शिकत गेला तसतशा पत्रिका. पहिल्यांवर मोठे सूर आणि सगळे आकडे, मग आकडे कमी, मग लय दुप्पट. काही गठ्ठे चार-पाच पत्रिकांवर संपतात. वडील म्हणाले, ती पोरं कामाला लागली असतील. एका गठ्ठ्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे. तो फार जाड नाही. वडिलांनी पुढे बँड सोडून नोकरी धरली, त्यावर दोघांत काही वर्षं अबोला होता. वडील तो गठ्ठा घेऊन बसले आहेत, त्यातले सूर त्यांना अजून वाचता येतात.

नावं असल्यामुळे आता त्या विद्यार्थ्यांना शोधायचं ठरवलं आहे. काही जण सांगली-मिरजेतच असतील. ज्याची त्याला स्कॅन केलेली प्रत द्यायची. मूळ पत्रिका एकत्रच ठेवू.

तारसप्तक:

ऐकीव-लिखित वाद बाजूला ठेवून ठेका आणि मी दोघं मदत करू, त्यांच्याशी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बोलणं झालं आहे. एकाच गाण्याचे कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम आणि सुझाफोन असे चारही भाग सापडतील अशी एक पत्रिका-मालिका आधी निवडा. मी ते म्यूझस्कोअरमध्ये (नोटेशन लिहायच्या आणि ऐकवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उतरवतो, म्हणजे सगळे भाग एकत्र ऐकता येतील. 'तुजं तू' लिहिलेल्या जागा रिकाम्याच ठेवेन, त्या ठेका भरणार आहेत. ढोल-ताशाचे भाग आबांनी लिहिलेत का तेही बघा. नसतील तर वडिलांना विचारून ताल कुठला होता ते कळवा.